पिवळ्या गर्दीत आई

बँकॉक, मंगळवार सकाळ

प्रिय बहीण बुआला,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. फोनवर माझा आवाज टिकणार नाही, म्हणून परत निघालेल्या सहलीच्या बसबरोबर हे पत्र देते. आधी खाली बस, मग वाच.

काल दुपारी निजलेल्या बुद्धाच्या देवळात आई हरवली. मी हात जोडून डोळे उघडले, तर ती शेजारी नव्हती. तिच्या चपला दाराशी तशाच होत्या. म्हणजे ती अनवाणी फिरते आहे.

गर्दीत चटकन दिसावी म्हणून मीच तिला पिवळा सदरा घातला होता. चौकीत तसं सांगितलं, तर पोलीस म्हणाला, "मावशी, आज सोमवार! अर्धं शहर पिवळ्यात आहे." सोमवारचा रंग पिवळा, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. उठून दिसेल असा रंग शोधताना सवयीने तोच हाती आला.

तू म्हणाली होतीस, "ताई, तिला घरचं दार सापडत नाही, राजधानी कसली दाखवतेस?" मी तुला गप्प केलं. चुकले.

मी वेळेवर जेवते. पण आपला चिकट भात नसेल तर आई घासही घेत नाही गं.

एक काम कर. तिने माझ्या लग्नासाठी विणलेलं लाल रेशमी पासिन माझ्या कपाटात आहे. ते आज रात्रीच्या बसने पाठव. ते नेसून मी देवळाच्या दाराशी उभी राहीन. गेला महिनाभर ती माझा चेहरा ओळखत नाही. हे तुला सांगितलं नव्हतं. स्वतःचं विणकाम मात्र ओळखेल.

वाट पाहणारी,
तुझी ताई विलाई