कलम सतरा

मंगळवार, ता. १ मार्च १९५५

आमच्या आळीचं व्यापारी सुधारणा मंडळ आज स्थापन झालं. अध्यक्ष दयारामशेठ कापडवाले. चिटणीस मी. माझ्या विरोधात कोणी उभं राहिलं नाही. उभं राहायला अक्षर लागतं.

शाळा मराठी पाचवीपर्यंत. पण घड्याळदुरुस्ती, इंग्रजी आणि नकाशे काढणं ही तिन्ही स्वतःची स्वतः शिकलो. गुरू नाही, त्यामुळे गुरूच्या चुकाही नाहीत.

संकल्प: वर्षाच्या आत आळी अशी करायची की मुंबईचा मनुष्य मोटार थांबवून पाहील. रोज पहाटे पाच ते सहा मोजमाप.

शुक्रवार, ता. ४ मार्च

पहाटे उठणं झालं नाही. पहाटे टेपवरचे इंच दिसत नाहीत, हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. दुपारी मोजलं.

आळीच्या तोंडाशी १९ फूट ४ इंच. माझ्या दुकानासमोर १३ फूट ७ इंच. एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "मास्तर, रस्ता इकत घेताव का?" आकडा वहीत लिहून घेतला.

टेपचं दुसरं टोक सोनाबाईनं धरलं. ही कोळीण माझ्या पायरीशेजारी सुकी मासळी घेऊन बसते. अकरा वर्षं झाली. मला मास्तर म्हणते. मी कधी मास्तर नव्हतो, पण दुरुस्त करावं असं वाटलं नाही. टोक मात्र उत्तम धरते. ढिलं सोडत नाही.

रविवार, ता. १३ मार्च

प्लॅन पुरा. एकेचाळीस कलमं. दुकानांच्या पाट्या एका उंचीत. गटारावर फळ्या. चौकात सार्वजनिक घड्याळ (किल्ली माझ्याकडे). एकही कलम मोघम नाही.

कलम १७ असं: "उघड्यावर वासाचा माल विकणाऱ्यांस भातगिरणीच्या मागील मोकळ्या जागेत हलवावे. अंतर १४० पावले. जागा सोयीस्कर." वासाचा माल विकणारी आळीत एकच आहे. पण कलम सर्वसाधारण ठेवलं. कायद्यात नावं घालत नाहीत.

जागा प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नकाशावर पाहिली. नकाशा मीच काढलेला आहे, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

गेल्या आठवड्यात मुंबईचे एक गृहस्थ स्विस घड्याळ घेऊन आले होते. नाकाला रुमाल लावून पायरीवरूनच परत गेले. त्याचा या कलमाशी संबंध नाही. कलम आरोग्याचं आहे.

रात्री जेवायला बोंबलाची चटणी. दोनदा घेतली. आरोग्यास अपाय जाणवला नाही.

रविवार, ता. २० मार्च

सभा, दयारामशेठच्या दुकानात. मी एकेचाळीस कलमं उभं राहून वाचली. सात माणसं, त्यांतली दोन गादीवर आडवी.

पाट्या? खर्च कोण करणार. पुढे पाहू. फळ्या? त्यावर चढून उंदीर येतात. पुढे पाहू. घड्याळ? "कमळाकरराव, चौकात घड्याळ लागल्यावर आम्ही दुकान किती वाजता उघडतो ते गिऱ्हाइकाला कळेल हो!" मोठा हशा. पुढे पाहू.

सतरावं आलं तेव्हा दयारामशेठनं एक डोळा उघडला. विचारलं, यात आपल्यातल्या कोणाला काही हलवावं लागतं का. म्हटलं, नाही. खर्च? नाही. "मग पास. होऊन जाईल." तेवढ्यात चहा आला.

एकेचाळिसात एक. टक्केवारी काढली नाही. सुरुवात महत्त्वाची.

शनिवार, ता. २ एप्रिल

सोनाबाईला आज कळवलं. म्हणजे दादू हमालानं कळवलं. चिटणीसानं तोंडी कळवू नये असा प्रघात आहे. असावा.

मी त्या वेळी डोळ्याला भिंग लावून काम करत होतो. भिंगातून दोन इंचांपलीकडचं काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं.

"कोनी सांगलाय?"

"मंडलानं."

"मंडल म्हंजे कोन रं? त्याला घरी बायको-पोरं नाय का?"

मग मासळीची पाटी उचलल्याचा आवाज. जाताना ती माझ्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "मास्तर, माझ्या जाग्यावर ध्यान ठेवा हां. दुसरी कोनी बसंल."

ध्यान ठेवतो म्हटलं. ज्या घड्याळाचा काटा बसवत होतो ते बंदच होतं, हे नंतर लक्षात आलं.

मंगळवार, ता. ५ एप्रिल

अडीच फूट जागा मोकळी झाली होती. आज तिथे दयारामशेठचं बाकडं आलं. तीन फुटांचं. म्हणजे रस्ता आता १३ फूट १ इंच, पूर्वीपेक्षा सहा इंच कमी. दयारामशेठना बोललो. ते म्हणाले, बाकड्याला वास आहे का? नाही. कलमाच्या शब्दांत बाकडं अडत नाही. कलम मीच लिहिलं, तेव्हा तक्रार करता येईना.

मुंबईचे गृहस्थ अजून आलेले नाहीत.

शनिवार, ता. ९ एप्रिल

सोनाबाई दुकानात आली. प्रथमच आत आली. अकरा वर्षं पायरीवरूनच बोलत होती. मला वाटलं, तिला कळलं. हातातला स्क्रू पडला.

"मास्तर, मना येक अर्ज लिवून द्या. कोन मेल्यानं लिवून माझं पोट मारलं. आता लिवूनच त्याला जाब इचारायचा. आलीत तुमच्यावानी लिवनारा दुसरा कोन हाय?"

खरं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, अगोट आली. पावसाळ्याचे चार महिने पुरेल इतकं सुकट-बोंबील लोक याच दोन महिन्यांत भरून ठेवतात. तिचं वर्ष याच दोन महिन्यांवर. "हा बाजार गेला तं खाऊ काय, पाटी?"

अशा मनःस्थितीतल्या बाईला आणखी धक्का देणं बरं नव्हे. उद्या ये म्हटलं.

रविवार, ता. १० एप्रिल

अर्ज लिहिला. साडेतीन पानं, पाच मुद्दे. लिहायला बसलो तेव्हा नुसता उपचार करणार होतो, पण कच्चं काम हातून होत नाही. मुद्दा तिसरा: "योजनाकाराने सदर जागा डोळ्यांनी पाहिली आहे काय? की घरी बसून पावले मोजली?" हा मुद्दा बिनतोड आहे.

सोनाबाईला वाचून दाखवला. तिनं कडाकडा बोटं मोडली. "त्याच्या तोंडात मारल्यावानी लिवलाव!" मी म्हटलं, तसंच वाटतंय.

सोमवार, ता. ११ एप्रिल

अर्ज मंडळाच्या चिटणीसाकडे, म्हणजे माझ्याकडे, दादूमार्फत दाखल झाला. आवक क्रमांक १. मंडळाला आलेला पहिलाच कागद. कामाला आरंभ झाल्यासारखं वाटलं.

मुद्दा तिसरा पुन्हा वाचला. जरा उद्धट आहे.

शनिवार, ता. १६ एप्रिल

पाच दिवस विचार केला. मंजूर करून टाकावा असं एकदा मनात आलं. पण अर्ज मी लिहिला म्हणून मंजूर केला तर तो पक्षपात. चिटणीसाच्या खुर्चीत बसल्यावर ओळखपाळख विसरावी लागते. (खुर्ची तीच आहे. एकच आहे.)

उत्तर लिहिलं: "आपला अर्ज पोचला. मुद्दा तीनबाबत चौकशी चालू आहे. तोवर पूर्वीचा ठराव कायम." जावक क्रमांक १.

सोमवार, ता. १८ एप्रिल

सोनाबाई ते उत्तर घेऊन माझ्याकडेच आली. वाचून दाखवायला. वाचलं.

"चवकशी म्हंजे काय?"

म्हटलं, जागा पाहतायत.

"कोन पाह्यतंय? तिकडं कुत्रा बी फिरकत नाय."

तिनं प्रत्युत्तर मागितलं. लिहिलं. पहिल्या अर्जापेक्षा सरस उतरलं. जाताना तिनं मूठभर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, कागदात बांधून ठेवले. नको नको म्हटलं, पण फार जोरात म्हणालो नाही.

संकल्प: उद्या जागा पाहायची.

शुक्रवार, ता. २९ एप्रिल

जागा पाहणं राहिलं. मंगळवारी चप्पल शिवायला दिली होती. बुधवारी ऊन. मग एका गजराच्या घड्याळानं दोन दिवस खाल्ले. चौकशी मात्र चालू आहे; मनात सतत चालू असते. झोपेतसुद्धा.

आवक ३, जावक ३. दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत. त्रयस्थानं वाचलं तर कोणाची बाजू घ्यावी ते त्याला कळणार नाही.

रविवार, ता. ८ मे

बायको, चंद्रावती, सकाळीच म्हणाली, शेजारपाजारच्या बरण्या भरल्या, आपल्या घरात जवळ्याचा दाणा नाही. सोनाबाई हल्ली दिसत नाही, कुठं गेली?

मी म्हटलं, गावी गेली असेल.

हे का म्हटलं ते समजलं नाही. वाक्य आपोआप आलं. दुपारी दुसरीकडून जवळा आणला. चंद्रावतीनं एक चिमूट चोळून पाहिली, म्हणाली, "हा जवळा आहे की वाळू? तुम्ही घड्याळंच बघा." परत करून आलो.

बुधवार, ता. ११ मे

चंद्रावतीला सोनाबाई सापडली. भात सडून आणायला भातगिरणीत गेली होती.

घरी येऊन पिशवी आपटली. आधी म्हणाली, गावी गेली काय! मग म्हणाली, झाड नाही, छप्पर नाही, गिरणीचा कोंडा उडून बोंबलांवर बसतो. माखलेली मासळी कोण घेणार? माणूस तिकडे वळत नाही. "आणि लोक म्हणतात एकशे चाळीस पावलं. मी मोजली. दोनशे बारा."

कुठून मोजलीस, असं विचारणार होतो.

आणखी म्हणाली की सोनाबाईनं माझं फार नाव काढलं. "मास्तर नसते तं माझ्यासाठी कोन भांडला असता?" चंद्रावती हे सांगताना माझ्याकडे जरा अभिमानानं पाहत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं पाहिल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही.

भूक नव्हती. ताक पिऊन उठलो.

गुरुवार, ता. १९ मे

दयारामशेठ बाकड्यावर बसले होते. मला हाक मारली. "काय हो कमळाकरराव, आपली ती सोनाबाई कुठे मेली? घरात सोडे नाहीत, बायको डोकं खाते."

म्हटलं, कलम सतरा.

"कसलं सतरा?"

आठवण करून दिली. सभा, ठराव, तारीख. ते हसायला लागले. "अहो, मला वाटलं ते बैलांबद्दल आहे! बसू द्या की तिला. बाकडं मी आत घेतो. त्यात लिहायचं काय एवढं? नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर त्याच दिवशी काम झालं असतं."

आजच जाऊन सांगावं असं ठरवलं. पण जो ठराव लेखी झाला तो तोंडानं कसा मोडणार? उद्या कोणी हरकत घेतली तर सोनाबाईच अडचणीत येईल. परवाना पक्का हवा. शिक्का हवा. मंडळाला शिक्काच नाही! मुंबईला शिक्क्यासाठी पत्र टाकलं. तिच्याच हिताचं आहे.

मंगळवार, ता. ३१ मे

शिक्का आला. "मंडळ"मधला ळ पुसट उठतो. परत पाठवणार होतो. मग खिडकीतून पाहिलं तर लोक छपरं शाकारत होते. ळ तसाच चालवला. आयुष्यात प्रथमच.

परवाना जाड लेजर कागदावर, दोन शाईंत.

गुरुवार, ता. २ जून

चप्पल होती, ऊन नव्हतं, घड्याळ कोणाचं द्यायचं नव्हतं. गेलो.

पावलं मोजायला सुरुवात केली. साठानंतर सोडून दिलं.

सोनाबाई गिरणीच्या भिंतीला टेकून पाटी बांधत होती. आवरून गावी निघाली होती. अगोट संपली, आता लोक घेत नाहीत. परवाना दिला. "वाचा," म्हणाली. वाचला. शिक्क्यासकट.

"सई कोनाची?"

"माझी."

"चिटनीस म्हंजे तुमी?"

"हो."

"आन् पयला कागद? मना उठवायचा?"

"तोही माझाच."

शिव्या देईल म्हणून मी तयारी केली होती. उत्तरंही तयार होती, क्रमवार. ती एवढंच म्हणाली, "मंग तुमी येकलंच भांडत व्हते ना मास्तर? मना कशाला हिकडं-तिकडं चालवलाव?"



पाटीतली मासळी उघडी पडली होती. तिनं माझ्या हातातला परवाना घेतला, उलटसुलट पाहिला, आणि मासळीवर झाकण म्हणून ठेवला. "कागद जाड हाय. माश्या बसनार नाय." वर फडकं बांधलं. मग म्हणाली, "आता उबंच राह्यनार का हात लावनार?"

दोन्ही हात लावून पाटी तिच्या डोक्यावर चढवली. जड होती. या दिवसांत ती रिकामी असायला हवी. किती शेर असेल याचा अंदाज मला हातानं बरोबर येतो, अर्ध्या पावशेराचीसुद्धा चूक होत नाही.

आज केला नाही.