रिकाम्या खुर्चीवर थांबलेला चौकोन

बाबा, आधी किंमत सांगून टाकते, कारण तुम्ही तीच आधी विचारली असती. पावणेदोन लाख. एका लेन्सचे. आणि तीही झूम न होणारी. माणूस जवळ हवा असेल तर आपण चालत जवळ जायचं, लांब हवा असेल तर मागे सरकायचं. तिचा गुण एकच, ती एक पूर्णांक दोनपर्यंत उघडते, आणि आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स साडेतीनच्या पुढं उघडायची नाही, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायचे आणि श्वास रोखून धरायला सांगायचे. हिला खिडकी लागत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी घरात जो उजेड उरतो, तेवढा हिला पुरतो.

इथे अमरावतीत माझ्या धंद्यातले लोक मला वेड्यात काढतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. एक पूर्णांक आठची लेन्स चाळीस हजारांत मिळते. म्हणजे मी चौपट पैसे मोजले आणि मिळाला दुपटीहून थोडा जास्त उजेड. गिऱ्हाईक फोटो बघणार मोबाईलवर, तळहाताएवढ्या काचेत. त्याला कुठला फरक दिसणार आहे? लग्नात तर ती पूर्ण उघडताही येत नाही. उघडली की पापण्यांचा केस न् केस येतो आणि कान विरघळून जातात, नवरी स्पष्ट आली की नवरा धुक्यात. वजन एवढं की संध्याकाळी मनगट ठणकतं. कोणी शिकणारी मुलगी विचारायला आली तर मी तिला हेच सांगेन की घेऊ नको. तरी मी घेतली. का घेतली ते लोकांना सांगताना मी 'क्वालिटी' असं म्हणते. तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे, पण ते मोर्शीपासून सुरू होतं.

उन्हाळा लागत होता. मोर्शीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या घरी नवऱ्याची मावशी राहत होती, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ऐंशीच्या पुढच्या. डोळे अधू झालेले आणि उजेड अजिबात सोसत नाही. त्यांना एक नीट फोटो काढून हवा होता, पण दोन फोटोग्राफर फ्लॅशशिवाय जमणार नाही म्हणून परत गेले होते. मला आनंदच झाला. म्हटलं, याच कामासाठी तर घेतली आहे.

दुपारी तीनला पोचले. संत्र्याच्या बागेतलं घर, बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि बाईंच्या खोलीत खिडक्या लावून घेतलेल्या. दाराखालून येणारा आणि झडपेच्या फटीतून येणारा, एवढाच उजेड. वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत बाई बसल्या होत्या, इस्तरीची पांढरी साडी नेसून, हात मांडीवर. दुसरी खुर्ची शेजारी, हातभर मागे, रिकामी. मी ती हलवायला गेले तर बाई म्हणाल्या, "राहू दे तथीच. मायी बहीण बसे तिच्यावर." बहीण धाकटी, तीही शिक्षिका, दोघींनी लग्नं केली नाहीत, दोघी जन्मभर एकत्र राहिल्या. मागच्या पावसाळ्यात ती गेली.

बाबा, आताच्या कॅमेऱ्यांना माणसाचा डोळा ओळखता येतो. आपण कॅमेरा डोळ्याला लावला की आत एक बारका चौकोन दिसतो आणि तो आपणहून समोरच्याच्या डोळ्यावर जाऊन बसतो. जिथे चौकोन, तिथे फोकस. ही लेन्स पूर्ण उघडली की स्पष्टपणाची पट्टी नखाएवढी उरते, म्हणून त्या चौकोनावरच सगळी मदार. मी कॅमेरा लावला. चौकोन उमटला तो रिकाम्या खुर्चीवर. पाठीच्या वर, जिथे बसलेल्या माणसाचं तोंड असतं, तिथे, मोकळ्या हवेत. मला वाटलं, मागच्या भिंतीवरच्या डागाला फसला. असं होतं कधीकधी. कॅमेरा खाली घेतला, बंद करून चालू केला, पुन्हा लावला. चौकोन पुन्हा तिथेच. थरथरत नव्हता. आणि मग क्षणभर मिटला आणि परत आला, जसं समोरच्यानं डोळ्याची पापणी लववली की होतं.

बाईंना फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. लेन्स मागेपुढे होताना बारीक घरघर होते ती त्यांनी ऐकली असावी.

"तुया क्यामेरा कोठी पाहून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाई, थोडं सेटिंग चुकलंय."

"खुर्चीवर जाते काय?"

फोन करणारी भाचेसून दारात उभी होती, ती म्हणाली, "मावशी, काय बोलून राह्यल्या तुमी? पोरगी भेली न."

"भ्याचं काय हाय त्यात?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तिले कधी फोटोत बसवलंच नाई मी. दरवेळी तीच काढे आन् मी बसो. पोरी, जाते तिकडं तर जाऊ दे त्याले. काढ तसाच."

मी काढला. दुसरं काही सुचलंच नाही. शटरचा आवाज झाला तसं बाईंनी मान थोडी कलती केली, जणू शेजारून कोणी उठताना पदर लागला असावा, आणि म्हणाल्या, "उठली. आता माया काढ." मी कॅमेरा लावला तर चौकोन मुकाट्यानं बाईंच्या डाव्या डोळ्यावर येऊन बसला. नंतर तासभर एकदाही हलला नाही.

परत येताना गाडीत मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला. स्टुडिओत आल्यावर दोन्ही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. दुसरा फोटो, बाबा, मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे. पापण्या, सुरकुत्या, बुबुळावरची राखाडी साय, आणि मागे सगळा मऊ अंधार. चाळीस हजारांच्या लेन्सनं तो आला असता का? जवळजवळ आला असता. पहिल्या फोटोत बाई धूसर आहेत आणि खुर्ची स्पष्ट, वेताची एकेक काडी मोजता येईल अशी. खुर्चीत कोणी नाही. पण बैठकीचा वेत मध्ये खाली दबलेला आहे. दुसऱ्या फोटोत खुर्ची धूसर आहे, तरी तेवढं कळतं की वेत वर आलेला आहे, सपाट. मी कितीतरी वेळ या फोटोवरून त्या फोटोवर जात राहिले. शेवटी त्या घरी फक्त दुसरा फोटो दिला आणि पहिला हलला म्हणून सांगितलं. बाई फोनवर म्हणाल्या, "असू दे. तुवा काढला न, झालं."

त्यानंतर मला आईचा फोटो बघितल्याशिवाय राहवेना. तुम्हाला ठाऊक आहे कुठला. अकोल्याच्या घरात, मागच्या खोलीत, शेवटच्या आजारपणात काढलेला. तिलाही तेव्हा उजेड सोसत नव्हता, तुम्ही दारं-खिडक्या लावून, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून फोटो घेतला होता. आणि आई हलली. फोटोत तिला दोन तोंडं आहेत, एक तुमच्याकडे बघणारं, एक बाजूला वळलेलं, आणि दोन्हींतलं एकही धड नाही. मी एकोणीस वर्षांची असताना, थोडी फोटोग्राफी शिकून शहाणी झाल्यावर, तुमच्या स्टुडिओत तुमच्यासमोर म्हणाले होते, "तुम्ही नागपूरच्या त्या स्टुडिओवाल्यासारखी एक पूर्णांक चारची लेन्स घेतली असती तर आईचा चेहरा आला असता. पैसे वाचवले तुम्ही." तुम्ही बारीक ब्रशनं कुणाच्या तरी प्रिंटवरचे पांढरे ठिपके भरत होते. ब्रश थांबला नाही. "मंग तू घेजो," एवढंच म्हणाले. तो विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही, आणि चार वर्षांनी तुम्हीही गेले.

प्रिंट आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. निगेटिव्ह कोणीच नाही. ती तुमच्या बिस्किटांच्या डब्यात होती, ट्रेसिंग पेपरात गुंडाळलेली. मी स्कॅन केली तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रिंट तुम्ही डावीकडून कापली होती. निगेटिव्हवर डावीकडे आणखी तीन बोटांची जागा आहे. तिथे खोलीचं दार आहे. दार किलकिलं झालेलं, बाहेरच्या उन्हाची एक पांढरी रेघ पार आईच्या पलंगापर्यंत आलेली, आणि दाराच्या कडेवर चार बोटं. लहान बोटं. करंगळीशेजारच्या बोटात मोत्याची अंगठी, जी आत्यानं माझ्या अकराव्या वाढदिवसाला दिली होती.

तुम्ही बजावलं होतं, मी सांगेपर्यंत दार उघडू नको. मी शाळेतून पळत आले होते. कशासाठी ते आता आठवत नाही. आई उजेडाला दचकली नव्हती बाबा. दुसरं तोंड मी मोठं करून पाहिलं, ती हसते आहे. ती माझ्याकडे वळली होती. मग मी हिशेब मांडला: त्या फिल्मवर, त्या उजेडात, एक पूर्णांक चार असती तरी, अगदी माझी ही असती तरी, वळणारं माणूस धरता आलं नसतं. हे तुम्हाला त्याच दिवशी, डार्करूममध्ये रसायनात प्रिंटवर चित्र वर येताना दिसलं असणार. तुम्ही तेवढी पट्टी कापून टाकली, आणि मी तुम्हाला चिक्कू म्हणाले तेव्हाही ब्रश चालवत राहिले.

मागच्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. दादा आता एकटाच राहतो तिथे, वहिनी पोरांकडे पुण्यात आहे. त्या खोलीत जुना कूलर आणि तुरीच्या डाळीची पोती ठेवली आहेत. भर दुपारी मी सगळं लावून घेतलं आणि जिथे तुमचं तिकाटणं होतं तिथे उभी राहिले. दादा बाहेरून म्हणाला, "काहून दार लावलं व? गरमीनं मरशीन." मी म्हटलं, खोलीचा फोटो हवाय, आठवण म्हणून, आणि मी सांगेपर्यंत दार उघडू नको. पलंगाच्या जागेवर लेन्स रोखली. चौकोन आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. पोती आणि अंधार. मला वाटत होतं तेवढी मी निराश झाले नाही, उलट जरा सुटल्यासारखं वाटलं. मग कॅमेरा खाली घेताना तो दाराकडे वळला आणि चौकोन उमटला. बंद दारावर, माझ्या छातीच्या उंचीवर. दादा सहा फूट आहे, आणि तो तोवर समोरच्या ओट्यावर जाऊन बसला होता; त्याच्या खोकल्याचा आवाज तिकडून येत होता. चौकोन मिटला, परत आला. मिटला, परत आला. कोणी पळत येऊन धापा टाकत उभं असलं की डोळे मिटतात, तसा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहून काढलं म्हणजे डोक्यातून जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. लेन्सची किंमत वसूल झाली का, हे मला अजूनही सांगता येत नाही. विकायची म्हटलं तर घेणारा आहे, आणि मी त्याला दोनदा उद्या ये म्हणाले आहे. दादाला मी सांगितलं की बॅटरी संपली, फोटो निघालाच नाही. बॅटरी संपली नव्हती बाबा. दाराचा एक फोटो निघाला आहे, आणि तो मी अजून उघडून पाहिलेला नाही.