पाच मिनिटांत उत्तर देणारा होस्ट

२ मे, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. प्रोफेशनल होस्ट नोंदी ठेवतात. शोरूमची नोकरी सोडून राजारामपुरीतल्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला ॲपवर टाकल्या, त्याला आता तीन महिने होतील. चौथी, वरची मागची, आमची. संकल्प एकच: रिक्वेस्ट आली की माणूस नीट पारखायचा आणि मगच होकार द्यायचा.

बायकोची, रूपालीची बदली राधानगरीकडे निघाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. सिस्टर लोकांच्या बदल्या मे महिन्यात निघतातच. रद्द करायची तर अर्जावर नवऱ्याची सही लागते म्हणे. नाहीतर तिला तिकडे क्वार्टरमध्ये जाऊन राहावं लागेल. मुदत तीस तारीख. अर्ज फ्रिजवर ठेवला आहे. भरपूर वेळ आहे.

५ मे
निपाणीच्या एकाची रिक्वेस्ट. फोटोत गॉगल. नाकारली.
इचलकरंजीचं जोडपं, आडनावच लिहिलेलं नाही. विचारलं. उत्तर आलं नाही. नाकारली.

रूपाली म्हणाली, लग्न झाल्यावर खोली बघत फिरत हुतो तवा दारादारात आडनावच इचारायचे, इसरलासा काय? मी समजावलं की ते लोक जातीसाठी विचारायचे, मी सिक्युरिटीसाठी विचारतो. ती भांडी घासायला उठली. म्हणजे पटलं असावं.

९ मे, दुपारी
ॲपचा इशारा. नकार फार होतायत, लिस्टिंग खाली जाईल. खाली गेलीच आहे, शोधून मलाच सापडेना.

पलीकडच्या गल्लीतला विश्वजित पण होस्ट आहे. खोल्या दोन, रिव्ह्यू एकशे चाळीस. म्हणाला, इन्स्टंट बुकिंग चालू कर की मर्दा. गेस्ट डायरेक्ट बुक करतोय, तुला इचारायची भानगडच न्हाय. हे तो ज्या आनंदाने म्हणाला तो मला आवडला नाही. तरी चालू केलं. त्याच भरात चौथी खोलीही टाकली, फक्त मेपुरती. रूपालीला सांगायचं राहिलं.

१० मे
सकाळी नऊला सोलापूरची पार्टी आमच्या खोलीच्या दारात. रात्री बुक केलं म्हणे. रूपाली नाइट करून येऊन नुकती झोपली होती. उठली, उशी काखेत मारली आणि गडमुडशिंगीला आईकडे निघाली. चार दिवस जातो, म्हणाली. सही तेवढी करून ठेवा.

करणारच होतो. पेन हातात घेतलं तेवढ्यात सोलापूरकरांना टॉवेल हवे झाले.

१४ मे
मी स्वयंपाकघरात झोपतो. ओट्याखाली चांगला गारवा असतो.

ॲपने बॅज दिला: हा होस्ट पाच मिनिटांत उत्तर देतो. स्क्रीनशॉट काढून विश्वजितला पाठवला. रूपालीलाही पाठवायचा होता, पण तिचे सतरा मेसेज न वाचलेले साचलेत, ते आधी वाचायला हवेत. तिचे फोन येतात ते नेमके गेस्ट समोर असताना. चार दिवस आजच संपले. राहू दे आणखी दोन दिवस, तिलाही आराम.

१७ मे
घरातून वस्तू जायला लागल्या.

परवा रूपालीचा ड्यूटीचा डबा. काल तिचा मसाल्याचा डबा. आज स्टेशनवरून गेस्ट घेऊन आलो तर कपाटातला तिचा पूर्ण खण मोकळा. कुलूप शाबूत, मागचं दार लावलेलं. माझं घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं, त्याला हात नाही. चोर फक्त बायकोच्या वस्तू नेतो म्हणजे विकृत असणार.  रूपालीला कळवलं नाही, उगाच घाबरेल.

मोकळ्या खणात गेस्टचे टॉवेल ठेवले. मावले.

२१ मे, सायंकाळी
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, उद्या पोलिसांना लागलं तर.

इन्स्टंटवर बुकिंग पडलं. नाव आफशीन. फोटो नाही. २९ तारीख, वरची मागची खोली, दोन जणी, एक रात्र. पाठोपाठ मेसेज: मागच्या दाराची कडी अजून उचलूनच लावावी लागते का?

‘अजून’ हा शब्द तीनदा वाचला. लिस्टिंगमध्ये कडीचा उल्लेख नाही. तरी तीन मिनिटांत उत्तर दिलं: हो.

दुसरा मेसेज: होस्ट घरात एकटेच असतात का?
हो, सध्या.
किती दिवस?

 फॅमिली लवकरच परत येत आहे, असं लिहिलं. तिने वाचलं. पुढे काहीच नाही. अर्धा तास फोनकडे बघत बसलो.

२२ मे
रद्द करू? रद्द केलं तर बॅज जातो. विश्वजितचाच डाव असणार. त्याला गच्चीवरून खडसावून विचारलं. तो म्हणाला, घरात बायको न्हाय आणि तू कड्या मोजत बसलायस व्हय? विषय बदलण्यात पटाईत आहे.

२४ मे
सासूबाईंचा, म्हणजे आक्काताईंचा फोन. गेस्टचा नंबर समजून उचलला. पावणं, सहीचं काय केलासा, म्हणाल्या. मी म्हणालो, झालीच समजा. पोरगी तुमच्या फोनची वाट बघत बसती हो, म्हणाल्या. मी म्हणालो, तिला बॅजबद्दल सांगा. त्यांनी फोन ठेवला. रेंज गेली असावी.

२६ मे
भिंतीवरचा लग्नाचा फोटो गेला. खिळा तेवढा शिल्लक आहे. आता मात्र भीती वाटते. हा माणूस घरात कधी येतो, कुठून येतो? मागच्या दाराला नवीन कुलूप आणलं. कडी नीट बसत नाही म्हणून लावता आलं नाही.

संकल्प: २९ ला आयडी तपासल्याशिवाय कुणाला उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

२९ मे, रात्री
दुपारी बरोबर तीनला बेल. दारात दोघीजणी, दोन रिकाम्या बॅगा. पुढची ती आफशीन. मागे रूपाली.

माझ्या तोंडून निघालं, आयडी?

का निघालं माहीत नाही. सवयीने. रूपालीने पर्समधून आधार कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पत्ता: हेच घर. मी म्हणालो, लोकल आयडी चालत नाही. हेही सवयीने. आफशीन हसली, मग तिने रूपालीकडे बघितलं. म्हणाली, भावजी, मी तिच्या वॉर्डातली, मोबाइल तेवढा माझा, सवाल तिचे हुते.

रूपाली आत येऊन गेस्टच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, तुमी फोन उचलंना, मेसेज बघंना. म्हटलं हितनं इचारू, हितनं पाच मिनटांत उत्तर येतंय. डबा, साड्या, फोटो सगळं मीच न्हेलं, तुमी घरात असताना एकदा न्हेलं, वर बघितलासुदिक न्हाईसा.

मग उठून फ्रिजवरचा अर्ज काढला, धूळ पुसली, माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, उद्या शेवटची तारीख. मला ऱ्हायचं हाय. सही करा, न्हाईतर जा म्हणून तोंडानं तरी सांगा.

तिचे डोळे भरले होते. मला लाज वाटली, खरंच वाटली. पेन घेतलं. टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. नागपूरची फॅमिली, पाच माणसं, उद्यापासून तीन रात्री, पार्किंग आहे का विचारत होते. पार्किंगचं तेवढं लिहिलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. वर बघितलं तर दोघी जिना चढून गेल्या होत्या.

असो. बायको घरात आहे, अर्ज घरात आहे, मी घरात आहे. सही सकाळी, शांतपणे. चोरीचा प्रश्नही सुटला. दिवस एकंदरीत चांगला गेला.

३० मे
सकाळी नागपूरकरांना आणायला स्टेशनवर गेलो. गाडी दीड तास लेट. परत आलो तर वरची मागची खोली झाडून पुसून मोकळी, चादर घडी घालून ठेवलेली. बाराच्या चेकआउटला तास बाकी असताना.

सही केली. उभ्या उभ्याच केली. नागपूरकर दारात ताटकळत असताना गाडी काढली आणि दवाखान्याच्या ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, सिस्टर अकराला बदलीची ऑर्डर घेऊन गेल्या की. मी म्हणालो, मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे ना? तो म्हणाला, व्हय, पण अर्ज त्यांनी द्याचा असतो, तुमी न्हाई.

ऑर्डर घेतली म्हणजे हजर झाली असं नाही. अजून वेळ आहे.

३१ मे
नागपूरकरांची विश्वजितकडे सोय लावली. इन्स्टंट बंद. चारही खोल्या बंद. बॅज गेला.

रूपालीचे मेसेज वाचले. सत्तेचाळीस होते. पहिल्या दहांत सहीचं विचारलंय. पुढे सहीचा विषय नाही. पाणी आलं का, उकाड्यात कुठं झोपता, गोळी घेतली का, एवढंच. प्रत्येकाला उत्तर लिहिलं, एकामागून एक. दुपार गेली. रात्रीपर्यंत एकावरही निळी टिक नाही.

१ जून, दुपारी २
फोन लागला. मी म्हणालो, सगळं बंद केलं. तुझी खोली मोकळी आहे. सही पण केली आहे. ये.

 तिच्या मागे कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. मग म्हणाली, सकाळीच हजर झालो हो मी. क्वार्टरची किल्लीबी दिली.

मी म्हणालो, बरं.

जेवलासा काय, म्हणून विचारलं तिने. हो म्हणालो. जेवलो नव्हतो.