तारप्यासाठी कुठला लॅपटॉप?

गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा दोन लॅपटॉपमध्येच अडकले: एक जड पण दमदार, दुसरा हलका पण जरा संथ. तारप्याचा नाच फोर-केमध्ये लाइव्ह दाखवायचा, तर जडवालाच घ्यायचा हे जवळपास ठरलं होतं. टेबलावर ठेवायचा, समोर नाच, झालं! तरी सूर्यमाळच्या जानूकाकांना फोन केला. तारपा तेच वाजवणार.

"काका, तुमचं तोंड कुठल्या बाजूला असेल?"

ते हसले. "एक बाजू कुठं? मी फिरत वाजवतो, नाचणारे माझ्याभोवती. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाय."

म्हणजे बाहेरून मला नुसत्या पाठी दिसणार. फोर-केमध्ये पाठी! मग कॅमेरा-लॅपटॉप घेऊन आत, काकांबरोबरच फिरायचं? जमेल मला? दुकानदाराने बघायला दिलेला जडवाला सॅकमध्ये घालून अंगणात गोल चालून पाहिलं. वीस मिनिटांत खांदे भरून आले.

पुन्हा फोन केला. "काका, वाजवता किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."