सत्तेचाळीस नंबरची चावी

मी, कुलपं-चाव्यांचा कारागीर, वय अठ्ठ्याहत्तर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. हात तेवढा कापतो. कोणाचा दबाव नाही. दुपारी डुलकी लागते आणि स्वप्नं पडतात. त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही, असं डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

कलम १. राहतं घर थोरलीला, म्हणजे माझ्या मुलीला, पूर्ण मालकीने. तिने ते विकावं, नाहीतर नुसत्या खिडक्या उघड्या टाकून बसावं. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती तीनदा इथे आली होती आणि तिन्ही वेळा "ते तुझं घर" म्हणत मीच तिला परत पोचवून आलो. तिसऱ्या वेळी बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मला वाटलं, सगळं ठीक आहे.

कलम २. दुकान आणि हत्यारं धाकट्याला. कानस तेलात बुडवायची नसते, हे तोंडी शंभरदा सांगून झालं, आता लेखी देतो. आमच्या दुकानाचा रिवाज असा, की नवीन कुलपाची एक चावी आपल्याकडे ठेवायची, फळीवर, नंबरच्या खिळ्याला. लोक चाव्या हरवतात आणि धावत येतात. तेव्हा ज्याचं घर, त्याला चावी द्यायची. हा रिवाज धाकट्याने एका बाबतीत मोडावा: कोर्टाच्या आदेशाने बदललेल्या कुलपाची चावी फळीवर टांगायची नाही. आदेशात जिचं नाव, सगळ्या चाव्या तिच्याच हातात. घर कोणाच्या नावावर आहे, ते विचारायचं नाही.

कलम ३. कारण. नवा कायदा आला, तेव्हा मारणाऱ्याला घराबाहेर काढता येऊ लागलं, घर त्याच्या नावावर असलं तरी. संरक्षण अधिकारी बाई आदेशाचा कागद घेऊन दुकानात यायच्या, मी जाऊन कुलूप बदलायचो. एकदा कागदावर थोरलीचं नाव होतं. ती माझी मुलगी, हे बाईंना ठाऊक नव्हतं. मी पिशवी उचलली.

कुलूप बसवलं. उन्हाच्या तिरिपेत पितळेचा चुरा तरंगत होता. थोरलीने विचारलं, "बाबा, नीट बसलंय ना?"

"हत्ती आला तरी उघडणार नाही," मी म्हणालो. ती हसली. किती वर्षांनी! मग दुकानात येऊन मी, हाताच्या सवयीने, एक चावी सत्तेचाळीस नंबरच्या खिळ्याला अडकवली.

नवव्या दिवशी जावई आला, भांग पाडून, अगदी नम्र. "बाबा, कपडे तेवढे घेतो, लगेच चावी आणून देतो."

डुलकीत होतो असं लिहायला आवडलं असतं. टक्क जागा होतो. घर त्याचंच आहे, कदाचित समेटही होईल, असं वाटलं आणि मी चावी दिली. त्या संध्याकाळपासून थोरलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, कुलूप फुटलेलं नाही, मग दार कोणी उघडलं? तिनेच बोलावलं असणार. धाकटाही घरी म्हणाला, "ताईनेच उघडलं असेल." मी मागच्या बाकावर मूग गिळून बसलो होतो. आदेश रद्द झाला. एक पिशवी घेऊन ती त्या घरातून निघाली, त्याला सहा वर्षं झाली. दर आठवड्याला ती माझ्या औषधांची चौकशी करायला येते. मी तिच्या उजव्या बाजूला बसतो.

दुपारच्या स्वप्नात गावभर नुसत्या चौकटी असतात, दारं नाहीतच. पलीकडे मऊ उजेड, पडदे हलतात. कुलूप कशाला लावायचं ते मला सुचत नाही. थोरली सात वर्षांची, अनवाणी, माझ्या मागे मागे येते आणि म्हणते, "बाबा, मी नाही उघडलं."

कलम ४. लिहून देतो की तिने दार उघडलं नव्हतं. तिने त्याला बोलावलं नव्हतं. चावी मी दिली. मी गेल्यावर हे कोर्टात द्यावं आणि धाकट्याने ताईला मोठ्याने वाचून दाखवावं, उजव्या बाजूला बसून. मला लाज वाटते, हेही वाचावं.

कलम ५. जावयाला सत्तेचाळीस नंबरचा रिकामा खिळा, वाकवून.

कलम ६. शेजारच्या घड्याळवाल्यांना, बारा वर्षं रेडिओ मोठ्याने लावल्याबद्दल, माझ्याकडून माफी.

कलम ७, सह्यांच्या वेळी वाढवलेलं. साक्षीसाठी अधिकारी बाईंनाच बोलावलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही जाईपर्यंत ती खोटीच राहणार?" घड्याळवाल्यांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. ते मी उचललं आणि हे कलम लिहायला घेतलं.

म्हणून कलम ४ ने माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. सह्या झाल्या की हा कागद घेऊन मी थोरलीकडे निघतो आहे. तिच्या आताच्या खोलीचं कुलूप तिने दुसऱ्या कारागिराकडून बसवून घेतलं, चावी माझ्याकडे नाही. बेल वाजवून बाहेर उभा राहीन. दार उघडायचं की नाही, ते ती ठरवेल.

सही: कुलूपवाला (अक्षर हललं आहे, सही माझीच)
साक्षीदार: १. संरक्षण अधिकारी, निवृत्त. २. घड्याळ दुरुस्तीवाले, रेडिओ बंद करून.
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी चार