बंदुकीआधी कागद

चांदा,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८७६
(तुझ्या दुकानातल्या कॅलेंडरप्रमाणे १९५४.)

प्रिय नईम,

हे पत्र अहेरीच्या मोटारीचा ड्रायव्हर रहीम याच्या हाती देतो आहे. टपालावर विसंबलो तर ते तुला तुझ्या नातवाच्या लग्नात मिळेल. तुझी लेक शकिला आणि तिचं बाळ तिकडे खुशाल असतील. बाळाचं नाक आजोबांवर गेलं असेल तर तसं स्पष्ट लिहू नकोस, ‘अल्लाची मर्जी’ एवढं लिही, मी समजेन.

सोमवारी तुझ्या दुकानाचं सील काढणार, असं कचेरीतून कळलं. दोन महिने दुकान बंद, आणि इकडे धान पिवळं पडायला लागलं, रानडुकरं बांधापर्यंत आली. बंदुकीसाठी रांग लागेल. म्हणून एक मागणं आहे. सोमवारपासून परवाना पाहिल्याशिवाय कुणाच्याही हातात बंदूक देऊ नकोस. विकायचं सोडच, हातातही देऊ नकोस. हा उपदेश नाही. यावर एकाचा जीव टांगलेला आहे. कुणाचा ते शेवटी लिहीन. आत्ताच लिहिलं तर पुढचं न वाचता तू मोटार धरशील, आणि मला आधी बरंच सांगायचं आहे. तेव्हा एकदा तरी, बाबा रे, क्रमाने वाच.

तुझ्या दुकानाची रीत तुलाच काय सांगायची? गिऱ्हाईक पायरी चढलं की बंदूक त्याच्या हातात. तो ती खांद्याला लावतो, जटपुरा दरवाजावरच्या कबुतरांवर नेम धरतो, वाटलं तर मागच्या अंगणात जाऊन मातीच्या ढिगात एक बार काढून पाहतो. मग चहा. आणि चहा संपल्यावर तू, आत्ताच आठवल्यासारखं, विचारतोस, ‘अन् भाऊ, तो कागद आनला असन ना?’ कागद नसला तर गिऱ्हाईक खजील होतं, तू त्याच्याहून जास्त खजील होतोस आणि दुसरा चहा मागवतोस. मी तुझ्या बाकावर अकरा वर्षं बसतो आहे. तुझ्याकडून बंदुका जास्त गेल्या की चहा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ही रीत तुझ्या अब्बांची. त्यांच्या काळी बंदूक घ्यायला यायचे मालगुजार, आणि मालगुजाराला ‘कागद दाखवा’ म्हणायची कुणाची छाती? पुढे मालगुजारी गेली, गावोगावचे कास्तकार पीकरक्षणाची बंदूक मागायला येऊ लागले. तेव्हा मी म्हटलं होतं, की आता तरी आधी कागद पाहत जा. केवढा उखडला होतास! ‘काऊन पंडित? मालगुजार आला तं बंदूक पैले, अन् फाटक्या धोतराचा मानूस आला तं कागद पैले? माह्या दुकानात असं नाई होनार.’ खरं सांगतो, मी घरी जाऊन अन्नपूर्णेला म्हटलं, वीस वर्षं धर्मशास्त्र शिकवतो आहे, पण धर्म भेटला तो बंदुकीच्या दुकानात. तेव्हा मी जे मागतो आहे ते तुझ्या दुकानातली सगळ्यात चांगली गोष्ट मोडायला सांगतो आहे, हे मला कळतं. सगळ्यांनाच आधी विचार, म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही. मालगुजारांच्या वंशात कुणी उरला असेल तर त्याच्यापासून सुरुवात कर.

तुझं आणखी एक म्हणणं असतं, की बंदूक धरणारा हात पाहिला की तुला माणूस कळतो. ‘हात तं पाहू दे, कागद का पयून चालला?’ तू हात पाहायचास, मी चेहरा. आमचे नैयायिक याला अनुमान म्हणतात. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे आग असणार. इथपर्यंत ठीक. पण आपण दोघं उलट्या बाजूने चाललो होतो. धूर दिसत नाही, तेव्हा आग नाही. अरे, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरांकडून घोकून घेतो. आणि पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी तो गोळा आपल्यासमोर बाकावर येऊन बसला, तर मी त्याला सुपारी देऊ केली.

त्या कास्तकाराबद्दल, देवाजीबद्दल, आपण बोललोच नाही. तू पोलिसांशी बोललास, मी कुणाशीच नाही. तेव्हा मला जे आठवतं ते लिहितो. तो दुपारी आला, मूल गावाकडून येणाऱ्या मोटारीने. धुतलेला सदरा, बैलांच्या गोंड्यांचा रंग अजून बोटांना लागलेला. ‘बंदूक पाहाले आलो, नईमभाऊ,’ म्हणाला. तू एक भरमार बंदूक काढलीस आणि, नईम, तुझ्या आयुष्यात पहिल्यांदाच थांबलास. का थांबलास ते तूच जाणे. त्याच्या हातात तुला काही दिसलं असावं. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी काय म्हटलं? ‘अरे दे रे. याचा अर्ज मीच लिहिलाय. परवाना आल्यातच जमा आहे.’ वर विनोदही केला, की देवाजी डुकराला गोळी घालणार नाही, त्याची समजूत काढील. तो हसला. तुझ्या हातातून बंदूक घेतली, ‘एक बार काढून पाहातो,’ म्हणून मागच्या अंगणात गेला. बार ऐकू आला. आपण दोघं बसूनच होतो. तू चहावाल्याला तीन बोटं दाखवलीस. तिसरा चहा तसाच निवला; देवाजीने तो बार मातीत नाही, स्वतःवर काढला होता.

त्याचा परवाना आलेला नाही हे साऱ्या चांद्यात मला एकट्याला नक्की ठाऊक होतं. अर्ज आषाढात माझ्याच ओसरीवर लिहिला होता. ‘कारण’ या रकान्यात काय लिहू, विचारलं, तर तो माझ्या टाकाकडे पाहत म्हणाला, ‘डुकरं लिवा.’ मग म्हणाला, ‘मास्तर, किती दिस लागतीन?’ मी म्हटलं, तीन महिने, सरकारचा बैल सावकाश चालतो. ‘लय दिस होते ना,’ तो म्हणाला. मी त्याला सरकारच्या बैलाची आणखी एक गंमत सांगितली.

आणि मग इन्स्पेक्टर आले. तू म्हणालास, ‘परवाना पाह्यला नाई, चूक माही.’ दुसरं कुणी दुकानात होतं का, त्यांनी विचारलं. तू म्हणालास, पंडितजी होते, ते वाचत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, नईम. तुझ्या दुकानाला सील लागलं, भर हंगामात तुझं घर बसलं, आणि मी मान हलवली. काल मात्र कचेरीत जाऊन खरा जबाब लिहून दिला. कारकून म्हणाला, ‘गुरुजी, आता काय उपेग? फाईल बंद झाली.’ तरी मी तो त्याला घ्यायला लावला. सही करतानाचा माझा हात तुझ्यासारख्या जाणकाराने पाहायला हवा होता.

दिवाळीच्या चार दिवस आधी देवाजीचा परवाना आला. माझ्या पत्त्यावर, कारण अर्जावर पत्ता माझा. तो घेऊन मी त्याच्या गावी गेलो. का गेलो देव जाणे, पाकीट घरात ठेववेना. त्याची बायको वच्छलाबाई अंगणात सडा घालत होती. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. मी त्या ऐकायलाच गेलो होतो म्हण. तिने घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘मास्तर, अर्ज लिवताना त्याईनं तुमाले काई म्हटलं का?’ नाही, मी म्हटलं. ‘मले बी नाई. पन मी पुसलंच नाई ना. मले वाटे, थकले असतीन.’ बस, एवढंच. परवाना तिने घडी घालून आत ठेवला, मला वाटेसाठी पोहे बांधून दिले. त्या पोह्यांचं काय करू मला कळलं नाही. अजून खुंटीला आहेत.

तू म्हणशील, परवाना हातात असता तर देवाजीने तेच नसतं का केलं? कदाचित केलं असतं. मी पंडित आहे, ज्योतिषी नाही. कागदाला माणूस कळत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य. पण कागद वेळ घेतो. त्या कचेरीच्या आळसाला आपण किती हसलो! आता वाटतं, तीन महिन्यांत माणूस बाजाराला जातो, कुणाचं बारसं जेवतो, त्याला ताप येऊन उतरतो, आणि एखादा दिवस असा उजाडतो की त्याची बायको सहज विचारते, काय झालं? तुझ्या दुकानात हे सारे दिवस एका पायरीत संपतात. चढला की बंदूक हातात.

आता माझी खबर. अन्नपूर्णा महिनाभर नागपूरला आहे, तिच्या आईने अंथरूण धरलं आहे. तिला मी पत्रात लिहितो, प्रकृती उत्तम. शाळेतून रजा घेतली आहे. पोरं खूश असतील. जेवण म्हणशील तर आठवलं की करतो. रोज चार वाजता पाय तुझ्या दुकानाकडे वळतात. सवयीने, असं मी आधी समजत होतो. तिथे जाऊन मी तुझं कुलूप आणि त्यावरची लाख पाहत उभा राहतो, आणि पाहिल्यावर जरा बरं वाटतं, परत येतो. शेजारचा शिंपी परवा म्हणाला, ‘गुरुजी, कुलपाची पूजा करून राह्यले का?’ मी म्हटलं, हो. त्याला विनोद वाटला.

काल कचेरीत सोमवारचं कळलं, म्हणजे आता ते कुलूपही राहणार नाही. म्हणून हे पत्र. सोमवारी तुझी पायरी पहिल्यांदा चढणारा मीच असेन, नईम. मी धुतलेला सदरा घालून येईन. काहीतरी गमतीचं बोलेन आणि तुला हसू येईल, कारण ते मला चांगलं जमतं. अकरा वर्षांत मी बंदुकीला हात लावलेला नाही. त्या दिवशी म्हणेन, जरा पाहू तरी. तेव्हा माझ्या हातात ती देऊ नकोस. माझ्याकडे परवाना नाही. मोठ्याने, चार लोकांत, मला कागद विचार. मी रागावेन, जुन्या मैत्रीची आण घालेन, तरी विचार. खरं म्हणजे सोमवारची वाटच पाहू नकोस. मोटार धर, दुकान न उघडता सरळ तुझ्या घरी ये आणि मला नागपूरला अन्नपूर्णेपाशी नेऊन सोड. एकट्याने मला तिथवर जाववत नाही. तोवरची सोय मी केली आहे. हे पत्र रहीमच्या हाती दिलं की घरी न जाता थेट तुझ्या घरी जाणार आहे. सुलतानाभाभींना म्हणेन, नईम येईपर्यंत मला ओसरीवरून हलू देऊ नका. त्या विचारतील, काय झालं? मी सांगेन.

तुझाच,
नरहर