कॉलर कोणी धरली होती

१७ जानेवारी, मंगरूळपीर
तूर काढायला माणसं आली नाहीत. दुपारी मेडशीहून फोन. नामदेवची पोरगी, कविता.
"काका, बाबा गेले. काल सकाळी. चहा मांगतला, आन् मी घेऊन येईस्तोवर..."
जलदान विधी २१ ला. या म्हणाली. वर म्हणाली, "शिवदास काकाले घेऊनच या. त्याइच्याशिवाय बाबाचं काही पुरं होत नाही."
हे कळलं नाही. ना. आणि शि. चाळीसेक वर्षं एकमेकांसमोर आलेले नाहीत. मी मधला. वर्षा-दोन वर्षांनी हिवाळ्यात दोघांकडे उभ्या उभ्या जाऊन यायचो, एकाचं नाव काढलं की दुसरा विषय बदलायचा.

१८ जानेवारी
झोप नीट नाही. लिहूनच काढतो, इतक्या वर्षांत लिहिलं नाही.
आम्ही तिघं एकाच भरतीत नेव्हीत गेलो. मी मं.पीरचा, शि. धनजचा, ना. मेडशीचा. तेव्हा अकोला जिल्हाच. समुद्र तिघांनीही फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. ना. पोहण्याच्या परीक्षेत दोनदा नापास. हात मारायचा ते तूर बडवल्यासारखे. तिसऱ्यांदा कसाबसा पास. तो इंजिनरूमला, शि. डेकवर, मी वर ब्रिजवर सिग्नलला.
तो दिवस. पावसाळ्यातला दर्या. शि. डेकवर दोर बांधत होता. लाट आली आणि गेली, तिथे शि. नाही. मी ओरडलो. ना. नुकता इंजिनरूममधून हवा खायला वर आलेला, अंगात तेलकट डांगरी. कोणी काही करायच्या आत त्याने तरंगतं कडं उचललं आणि उडी मारली.
दोनदा नापास झालेला माणूस.
वरून दोन डोकी दिसली. मग लाट आडवी आली. जहाज वळवायला वेळ लागतो, ते काही बैलगाडी नाही. चाळीस मिनिटांनी बोटीने दोघांना आणलं. जिवंत. कडं नव्हतंच, कुठे वाहून गेलं कोण जाणे.
महिनाभरात शि.ने बदली मागून घेतली. तेव्हापासून त्या दोघांची भेट नाही.

१९ जानेवारी
शि.ला फोन.
"मी येत नाही."
"काहून?"
"कोन्त्या तोंडानं येऊ, वसंता? तो जिता होता तवा गेलो नाही. ज्याच्यामुळं दोन लेकरं झाली, नातू झाला, त्याच्या दारात एक डाव नाही गेलो. आता त्याच्या मौतीले जाऊ?"
"पोरीनं नाव घेऊन बोलावलं तुले."
"माझं?"
आणि फोन ठेवून दिला.
संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन. "भाऊजी, ते येतात. पेटीतून पांढरा सदरा काढला त्याइनं."

२१ जानेवारी
आता घरी आलो. पाय दुखतात, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.
शि. धनजहून कारंज्यामार्गे सकाळी आला. वाळला आहे. मालेगावला एस.टी. बदलली. रस्ताभर एकच बोलला, "त्याचं घर कसं हाय रे? मोठं हाय का?" मी म्हटलं, दोन खोल्या आणि ओटा.
बुद्धाच्या फोटोखाली आमचा तिघांचा फोटो, नेव्हीच्या गणवेशातला, कोचीनचा. माझ्या घरी तो ट्रंकेत आहे.
जय भीम झालं. ना.ची बायको, सुशीलावहिनी, उठून आल्या. सरळ शि.कडे. त्याचे दोन्ही हात हातात घेतले.
"तुमी आले. लय वाट पाह्यली त्याइनं. ह्या घरातला दरेक घास तुमच्यामुळं हाय, भाऊ."
शि. माझ्याकडे पाहू लागला. मी कविताकडे.
कविता म्हणाली, "बाबा सांगायचे ना. दर्यात बुडत होतो, शिवदासनं कॉलर धरली, चाळीस मिनिटं सोडली नाही. त्यानं सोडली असती तर तू नसती, म्हने."
शि. होता तिथेच खाली बसला.
माझ्यासमोर शि.चं नाव टाळणाऱ्या ना.ने एवढी वर्षं घरात हे सांगितलं! उलटं. स्वतः उडी मारलेली, ते नाहीच.
त्रिशरण-पंचशील झालं. मग माणसं बोलायला उठली. सोसायटीवाले, शाळेवाले बोलले. मग एक बाई. साठीच्या असतील, गावातल्याच शेतकरणी. म्हणाल्या, गावातली एक पोरगी शेततळ्यात बुडून गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नामदेवभाऊंनी कमरेला दोर बांधून आधी कविताला विहिरीत उतरवलं. मग दुसऱ्यांच्या पोरींना. गाव हसलं. "पोरीइले पोहनं कायले? माह्या सासऱ्यानं तं भांडन केलं. भाऊ म्हनले, मले दर्यात एका मानसानं धरून ठेवलं, आता माही पाळी."
मग त्या वळून म्हणाल्या, "ज्या ज्या त्याइच्या हातून शिकल्या, त्या उभ्या राहा वं."
आधी पोरी उठल्या. मग सुना. माहेरी आलेल्या लेकी, कडेवर पोरं. मग खुद्द त्या बाई, त्यांची जाऊ. बौद्धपुऱ्यातल्या, पाटीलपुऱ्यातल्या, सगळ्या. मांडवाबाहेरही उभ्या होत्या. मी मोजत होतो, मग मोजणं सोडलं. आम्ही पंधरा वर्षं समुद्रावर काढली, पेन्शन घेऊन घरी बसलो. आणि हा! नदी नाही, धरण नाही, एका विहिरीवर...
तेवढ्यात शि. उठला. मी सदरा ओढला, बस म्हटलं. नाही बसला.
"मी त्याले वाचवलं नाही," म्हणाला. "मी पडलो होतो. त्यानं माह्यासाठी उडी मारली. कॉलर मी धरली, हे खरं हाय. पन बुडत होतो म्हनून धरली. कडं सुटलं तवा मी त्याच्या अंगावर चढून राह्यलो होतो. माह्या वजनानं तो खाली जात होता. त्याले वाटलं मी त्याले धरून हाय. मी त्याले बुडवत होतो, वहिनी."
मांडवात एक लेकरू रडत होतं.
वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमी म्हनता तसंबी असन, भाऊ. पन त्याइले खोटं बोलता येत नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तं तोंडावर सांगत. ते म्हनत, मी हातपाय सोडून देल्ले होते. कॉलरले हिसका बसला की जागा होत होतो."
शि. म्हणाला, "हिसका मी सोता वर यायसाठी देत होतो."
वहिनी म्हणाल्या, "तरी ते जागे झाले ना."

२२ जानेवारी
काल लिहायचं राहिलं. निघताना कविताने शि.ला विचारलं, "काका, एप्रिलमंदी विहीर सुरू होते. मी पोरीइले उतरवीन, पन दोर धरायले वर मानूस लागते. याल?"
शि. म्हणाला, "मी त्या दिवसापासून पान्यात उतरलो नाही. आंघोळ बी बादलीची." एवढंच. ना हो म्हणाला, ना नाही.
वहिनींनी आम्हाला तुरीच्या शेंगा बांधून दिल्या.

२ फेब्रुवारी
शि.चा फोन. आजकाल तोच करतो.
म्हणाला, कारंज्याला गेलो होतो, दुकानदाराले दोर दाखव म्हटलं. जाड पाहिजे, पन हाताले रुतला नाही पाहिजे.
"घेतला?"
"घेतला नाही. पाहून आलो."
मग त्याने विचारलं,
"वसंता, तू वर होता. तुले तं दिसत होतं. कोनी कोनाले धरलं होतं रे?"
मी खरं ते सांगितलं. "लाट आडवी होती. नाही दिसलं."
"बिलकूल नाही?"
"बिलकूल नाही."
मग म्हणाला, "मंग तो सांगे तेच धरून चालू का मी?"
उद्या करतो फोन म्हटलं.